वास घेतला तर कॉपी

फार पूर्वी मेंढ्यांच्या एका कळपात दाढीवाल्या बोकडाचा हुकूम चालायचा. संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या की जाळीत कोंडलेली कोकरं आयांकडे धावायची. बोकडाने नियम काढला, की आपल्या पोराच्या खुणा तोंडपाठ म्हणेल तिलाच कोकरू मिळेल. वास घेतला तर ती कॉपी.

धवळी नावाच्या मेंढीला आपलं पोर वासानेच ओळखू यायचं. खुणा घोकून घोकून डोक्याचा भुगा झाला, तरी बोकडापुढे उभी राहताच सगळं उडालं. आत कोकरू भुकेने ओरडत होतं.

"जा, उद्या पाठ करून ये," बोकड म्हणाला.

रांगेत मागे उभ्या बांडी नावाच्या मेंढीने घडाघडा म्हटलं, "डावा कान काळा, कपाळ पांढरं." बोकडाने तशा खुणांचं पहिलंच कोकरू तिच्यापुढे ढकललं. ते होतं धवळीचं. बांडीने हुंगलं, "हे माझं नव्हे," म्हणाली आणि त्याला ढुशी मारली. कोकरू कोलमडलं.

धवळी पेटली. "अरे दाढीवाल्या, तुझ्या पाठांतरापायी माझं पोर मरायचं. आमच्या आज्या-पणज्या नाकानेच पोरं ओळखत आल्या." तिने बोकडाला बाजूला रेटलं, कोकराला हुंगलं आणि पोटाखाली घेतलं.

"पण तू उत्तर दिलंच नाहीस," बोकड अडून बसला.

"उत्तर दूध पितंय. डोळे असतील तर बघ."