खोटे मासे

"यातले कुठले नेऊ, तांडेल?"

मिहीर खांबेटेनं डब्याचं झाकण उघडलं आणि डबा दाजींच्या पुढ्यात सरकवला.

आत आमिषाचे खोटे मासे होते. लाकडाचे, प्लास्टिकचे, रबरी झालरींचे. प्रत्येकाला वेगळा कप्पा, प्रत्येकाच्या पोटाखाली गळ.

दाजी टिकम, वाडीतले जुने तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आपल्या होडीच्या सावलीत वाळूवर बसले होते. वय सत्तरीच्या पुढचं. होडी वर्षभर पाण्यात गेली नव्हती. तळाचं डांबर सुकून पोपडे निघाले होते.

"ऐंशीच्या वर आहेत," मिहीर म्हणाला. "निम्मे जपानहून मागवले."

दाजींनी नुसती मान हलवली.

मिहीरचा चिंचवडला कारखाना होता. बारा वर्षांपूर्वी तो देवगडजवळच्या या वाडीत सुट्टीला आला आणि दाजींनी त्याच्या हातात पहिल्यांदा गळ दिला. गाठ कशी मारायची, पाण्याचा रंग कसा बघायचा, सगळं त्यांनीच शिकवलं. तेव्हापासून मिहीर त्यांना गुरू म्हणायचा. चारचौघांत जरा मोठ्यानं.

मागच्या जानेवारीत तो मोठ्या माशासाठी अंदमानला गेला, तेव्हा दाजींच्या मुलाला, लवूला, मदतीला घेऊन गेला होता.

परत आला तो एकटा.

मासा बोटीजवळ आला, तशी लवूनं गळाला जोडलेला जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, हाताला गुंडाळून ओढायला घेतला. माशानं बुडी मारली. लवूही गेला. शरीर मिळालं नाही.

त्या वेळी मिहीरनं इथंच येऊन सांगितलं होतं, की सगळं एका क्षणात झालं. तंगूस कापायची सुरी डब्याच्या तळाशी होती. ती हाताला लागेपर्यंत...

दाजींनी तेव्हा काहीच विचारलं नव्हतं.

"परवा निघतोय," मिहीर आता म्हणाला. "तुमचा हात लागल्याशिवाय यातलं एकही आमिष पाण्यात टाकणार नाही मी."

दाजींनी एक मासा उचलला. त्याच्या गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर ठेवलं. टोक घसरलं.

"बोथट."

तो बाजूला गेला. दुसरा उचलला. टोक नखात रुतलं.

"आभाळ कसं असतं तिथं, या दिवसांत?"

"सकाळी स्वच्छ. दुपारी भरून येतं."

"मग हा निळा सकाळी. हा काळा-जांभळा दुपारी. मासा खालून बघतो. भरल्या आभाळाखाली त्याला काळंच दिसतं."

"आणि हा?" मिहीरनं एक सोनेरी मासा पुढं केला. डब्यातला सगळ्यात देखणा.

"हा तुला आवडतो."

"आणि माशाला?"

दाजींनी तो परत कप्प्यात ठेवला.

मिहीर हसला. दाजी हसले नाहीत.

खाडीला ओहोटी लागली होती. चिखलावर बगळे उतरले होते. आभाळ सकाळपासून राखेसारखं होतं आणि वाऱ्याला सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास होता.

"या वेळी मोठा आणणार, तांडेल. लवूच्या नावानं."

दाजींचा हात थांबला.

"त्याच्या नावानं?"

"हो. फोटोखाली त्याचं नाव घालीन. सगळ्यांना कळू दे, कोण होता तो."



घरातून सुगंधा चहा घेऊन आली. लवूची बायको. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर कुंकू होतं. वाडीतल्या बायकांनी एकदा तिला समजावून पाहिलं होतं. तिनं एवढंच विचारलं होतं, "कोणी बघितलं काय त्याला बुडताना?" कुठल्या तरी परक्या बोटीनं लवूला उचललं असेल, असं ती म्हणायची. संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची.

"ठेव हय गो," दाजी म्हणाले.

तिनं कप ठेवले. मिहीरकडे बघून विचारलं, "परत तिकडेच जाताय?"

"हो, वहिनी."

"मग... किनाऱ्यावरच्या गावांत जरा विचारा."

मिहीरनं मान खाली घातली. "विचारतो."

ती आत गेली. मिहीरनं कप उचलला, पण चहा प्यायला नाही.

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तंगूस बघू."

मिहीरनं पिशवीतून जाड तंगुसाचं वेटोळं काढलं. "दीडशे किलोचा मासा पेलेल. चार वेगवेगळे घेऊन बघितले, हा सगळ्यांत चिवट."

"एक टोक होडीच्या पुढच्या नाळेला बांध. मी शिकवलेल्या गाठीनं."

मिहीरनं बांधलं. गाठ थुंकीनं ओली करून आवळली, अगदी शिकवल्यासारखी.

दाजी उठले. तंगुसाचं दुसरं टोक घेऊन चार पावलं मागं गेले. पंजाभोवती एक वेढा घेतला. मग दुसरा.

"तांडेल, हाताला कशाला..."

"गाठ बघतोय."

तिथून वाळू पाण्याकडे उतरत गेली होती. दाजींनी त्या उतारावर सगळं अंग मागं टाकून दिलं.

तंगूस ताठ झाला. वेढे पंजात रुतले. बोटं आधी पांढरी पडली, मग जांभळी. दाजींचे पाय वाळूत घसरले आणि ते त्या एका हातावर लोंबकळल्यासारखे झाले.

"सोडा, तांडेल!"

"सुटत नाही," दाजी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. "दोन वेढे आहेत."

मिहीरचा हात कमरेला गेला. सुरी म्यानातून निघाली, आणि ताणलेल्या तंगुसावर एकदाच फिरली.

दाजी पाठीवर पडले.

मिहीर धावला. "लागलं का? हात बघू... काय केलंत हे?"

दाजी उठून बसले. तळहातावर दोन लाल रेघा होत्या, एकीतून रक्त येत होतं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. ते मिहीरच्या हातातल्या सुरीकडे बघत होते.

"डब्याच्या तळाशी होती म्हणालास."

मिहीरनं हातातल्या सुरीकडे पाहिलं.

"बारा वर्षांत एकदाही तुझी सुरी मी डब्यात बघितली नाही," दाजी म्हणाले. "कमरेला ठेवायची, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तू माझं सगळं ऐकलंस."

...

मिहीर वाळूत बसला.

"कमरेला होती," तो म्हणाला.

"काढलीस?"

"काढली. हातात होती."

"मग?"

मिहीरनं तोंडावरून हात फिरवला.

"मासा दिसत होता, तांडेल."

दाजींनी मान वर केली.

"अगदी बोटीला लागून. लवूनं गुडघे कठड्याला रोवले होते. मला वाटलं, धरेल. अजून जरा वेळ धरेल..."

"किती वेळ?"

"चार श्वास. पाच असतील."

"बोटवाला?"

"पुढं, सुकाणूच्या चाकावर. इंजिनाच्या आवाजात त्याला काही कळलं नाही."

"लवू काही बोलला?"

मिहीरनं सुरी वाळूत ठेवली.

"काप म्हणाला," मिहीर म्हणाला. "दोनदा."

...

"मग गेला. पाणी स्वच्छ होतं. मी खाली बघत होतो. हात तसाच वर, तंगुसात अडकलेला... दिसेनासा होईपर्यंत बघत होतो."

दाजींनी पंजाभोवतीचे वेढे एकेक करून सोडवले. तंगुसाचा तुकडा वाळूवर ठेवला. मग ते खाडीकडे तोंड करून बसले. त्यांचे खांदे एकदा हलले, पुन्हा हलले नाहीत.

"मला काय शिक्षा द्यायची ती द्या," मिहीर म्हणाला. "मी नाही जात अंदमानला. पुन्हा गळाची काठी हातात घेत नाही."

"जा, नाहीतर नको जाऊ. ते मला विचारू नकोस."

"मग मी काय करू?"

"आत जा. सुगंधा चुलीपाशी असेल. तिला सांग."

मिहीरचा चेहरा उतरला. "तुम्ही सांगा, तांडेल. तुमच्या तोंडून ऐकलं तर ती सहन करेल."

"मी नव्हतो तिथं."

"तिला अजून वाटतंय, तो येईल म्हणून..."

"ठाऊक आहे."

"कसं सांगू मी? तिच्या डोळ्यांत बघून कसं सांगू?"

बगळे उडाले आणि जरा पुढं जाऊन पुन्हा चिखलात उतरले. आतून पाटा-वरवंट्याचा आवाज येऊ लागला.

मिहीर उठला. डबा उघडाच राहिला होता, त्याकडे त्यानं पाहिलं नाही. अंगण ओलांडून दारापर्यंत गेला. चौकटीला हात लावून थांबला. आतला आवाज चालूच होता.

त्यानं मागं वळून पाहिलं.

"सगळं सांगू?"

दाजींनी तोंड वळवलं नाही.

"ज्याच्यासाठी थांबलास, तो मासा कसा होता, तेही सांग. ती विचारणार नाही... तू सांग."