पाहुण्याची भाषा

"मग जगाला एकच भाषा असायला हरकत काय आहे?"

ढवळे सरांनी हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला.

अज्जा भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. पेरणी जवळ आली होती आणि मठाच्या शेतासाठी बी काढायचं होतं.

"हरकत काहीच न्हाई," अज्जा म्हणाले. "जरा ती पाटी हिकडं सरकवा."

सरांनी पाटी सरकवली. त्यांना वाद हवा होता, आणि वाद काही होत नव्हता.

आमचा मठ गडहिंग्लजच्या पुढं आहे, जिथं दुकानांवरच्या पाट्या दोन लिप्यांत असतात. इथल्या म्हाताऱ्या स्वामींना सीमेच्या दोन्हीकडची माणसं अज्जा म्हणतात. त्यांची स्वतःची भाषा कुठली, ते कुणालाच ठाऊक नाही. मी बारा वर्षं त्यांच्याजवळ आहे, मलाही नाही.

ढवळे सर कोल्हापूरचे निवृत्त प्राध्यापक. भाषाशास्त्र शिकवता शिकवता केस पांढरे झालेले, अकरा भाषांची व्याकरणं तोंडपाठ. निवृत्तीनंतर त्यांनी घरी बसून एक भाषाच तयार केली होती, साऱ्या जगासाठी. नाव समवाणी. तिची पुस्तिका पिशवीत होती आणि ती काढून दाखवायला त्यांचे हात शिवशिवत होते.

"चाळीस दिवसांत येते, अज्जा. अपवाद नाहीत. लिंगांचा घोळ नाही. आणि मुख्य म्हणजे ती कुणाचीच नाही. या भाषेत कुणी यजमान नाही, कुणी पाहुणा नाही. सगळे सारखे."

अज्जांनी मान डोलावली. खरंच विचार केला त्यांनी.

"मग चहा कोण करणार?"

मी खाली मान घालून शेंगा सोलत राहिलो, कारण हसू आलं असतं.

खरं तर सर समवाणीचं कौतुक ऐकायला आलेच नव्हते. अज्जांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. सरांच्या मुलीचं, अनुजाचं, लग्न अडलं होतं.

मुलगा पलीकडच्या गावचा, कानडी. त्याचे वडील चन्नाप्पा हुक्केरी, उसाचे बागायतदार, स्वतःचं गुऱ्हाळ असलेले. महिन्यापूर्वी हुक्केरी मंडळी कोल्हापुरात बोलणी करायला आली. पत्रिका कुठल्या भाषेत छापायची, इथंच गाडं अडलं. मुलगा बिचारा मध्ये बसून इकडचं तिकडं सांगत होता. तेव्हा सरांनी तोड काढली, की पत्रिका समवाणीत छापू, म्हणजे कुणालाच कमीपणा नाही. मुलानं ते वडिलांना सांगितलं. चन्नाप्पा उठले आणि चालू लागले. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या.

अनुजानं बापाला एवढंच सांगितलं, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही. पळून जाऊनही लग्न करणार नाही. मग राहिलं लग्न."

ती बोलल्याप्रमाणे वागणारी मुलगी आहे. बापावर गेली आहे.

"त्यांना बोलावलंय," अज्जा आता म्हणाले. "येतीलच."

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कुणाला? हुक्केरींना? आणि मी त्यांच्याशी बोलायचं कसं?"

"पडवीची रीत ठावं हाय न्हवं?"

रीत सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. मठाच्या पडवीत दुसऱ्याशी बोलायचं ते त्याच्या भाषेत. नीट येत नसेल तर मोडकंतोडकं. तेही येत नसेल तर गप्प बसून हाताला मिळेल ते काम करायचं. अज्जांशी मात्र कशातही बोललं तरी चालतं, कारण सांगितलंच.

"मला कन्नड वाचता येतं," सर जरा ताठ होऊन म्हणाले. "जुनं कन्नडसुद्धा. बोलत नाही मी."

"का?"

"अर्धंमुर्धं बोलून हसं करून घेण्यापेक्षा न बोललेलं बरं."

अज्जांनी पुढची शेंग उचलली.

थोड्या वेळानं चन्नाप्पा आले. धिप्पाड माणूस, खांद्यावर टॉवेल. अज्जांच्या पाया पडले, सरांकडे न बघता त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. अज्जांनी दोघांच्या मध्ये शेंगांचा ढीग ओतला आणि डोळे मिटले.

...

दोघं सोलत राहिले. चन्नाप्पांची बोटं सराईत होती. सर प्रत्येक शेंग फरशीवर आपटून फोडत होते. अर्धी पाटी भरली.

सरांचे कान लाल झाले होते. मला त्यांची दया आली. अकरा भाषा पोटात असलेला माणूस एका भाषेच्या दारात असा अडखळून बसलेला मी प्रथमच बघत होतो.

शेवटी घसा खाकरून ते म्हणाले, "ऊट... आयितु?"

म्हणजे, जेवण झालं का. तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.

चन्नाप्पांचा हात थांबला. त्यांनी प्रथमच सरांकडे नीट पाहिलं. कपाळाला आठ्या घालून, एकेक शब्द शोधत ते मराठीत म्हणाले, "जेवण... नाही झाली. नाष्टा झाली. तू?"

प्राध्यापक ढवळ्यांना 'तू' म्हणणारं बहुधा कुणी उरलं नसेल. सरांचे ओठ हलले. सवयीनं चूक दुरुस्त करायला निघाले होते, पण ती दुरुस्ती त्यांनी गिळली.

मग त्यांनी कन्नडात पुढचं वाक्य जुळवलं. मग आणखी एक. पाऊसपाण्याचं, उसाचं. चुकत होते, घाम पुसत होते, पुन्हा बोलत होते. चन्नाप्पाही मराठीत तसेच झुंजत होते. मी शेंगा सोलायचं विसरलो.

मग सरांना आपल्या मुलीबद्दल काही चांगलं सांगावंसं वाटलं. माझी मुलगी गुणी आहे, चहा फार छान करते, एवढंच सांगायचं होतं. पण बोलता बोलता शब्दांची अदलाबदल झाली, आणि कन्नडात निघालं ते असं: माझा चहा फार गुणी मुलगी आहे.

चन्नाप्पा आधी आतल्या आत गदगदले. मग टॉवेल तोंडाला लावला. मग तोही सुटला. एवढा मोठा माणूस, मांडीवरची टरफलं उडेपर्यंत हसला. सरांना आपण काय बोललो ते हळूहळू उमगलं, आणि माझी खात्री आहे, त्या क्षणी त्यांना उठून जावंसं वाटलं असणार. पण समोरचा माणूस इतका मनापासून हसत होता की त्यांनाही हसू फुटलं. दोघंही हसत सुटले. एक थांबला की दुसऱ्याला पुन्हा यायचं.

डोळे पुसत चन्नाप्पा मराठीत म्हणाले, "तुमची चहा... आमची घरी पाठवा. सून करून घेतो."

सरांनी शेंगा टाकल्या आणि चन्नाप्पांचे दोन्ही हात धरले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. कुणीही ते लपवलं नाही. मलाही आलं होतं.

पत्रिकेचं चन्नाप्पांनीच मिटवलं. "तुम्ही कन्नड लिवा. मी मराठी लिवतो."

"छापण्याआधी मी एकदा तपासतो," सर लगेच कन्नडात म्हणाले.

"तपासू नको. तसाच छाप."

सर क्षणभर कळवळले. मग त्यांनी मान हलवली, तसंच छापू.

चन्नाप्पा बाहेर पडले आणि फाटकाशी पोचायच्या आत त्यांनी बायकोला फोन लावला. ते सरांचं वाक्य सरांच्याच आवाजात, सरांसारखेच अडखळत सांगत होते. पलीकडून तिच्या हसण्याचा आवाज पडवीपर्यंत आला. मग समोरच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या दोघांना त्यांनी थांबवून सांगितलं. तेही हसले. बस येईपर्यंत तिघं हसतच होते.

सर खांबाला टेकून ते बघत होते. चेहरा नुसता फुलला होता. तरी प्राध्यापक तो प्राध्यापकच. पिशवीतून पुस्तिका काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि बोटांवर हिशेब केला.

"अज्जा, चौदा वाक्यं बोललो मी. त्यातली नऊ चुकली."

"व्हय?"

"हो. आणि खरं सांगतो, समवाणीत त्यातलं एकही चुकलं नसतं."

अज्जांनी फाटकाकडं बघत मूठभर टरफलं अंगणात भिरकावली.

"खरं हाय," ते म्हणाले. "पाहुणा बिचारा रिकाम्या हातानं गेला असता."