भाजलेली माती

मळ्यांच्या एका गावात केरबा नावाचा माळी होता. वांग्याची रोपं तयार करावीत ती केरबानंच, असं पंचक्रोशीत म्हणत. नाव केरबा, पण माणूस असा टापटिपीचा की वाफ्यात काडी पडलेली त्याला खपायची नाही.

एका वर्षी त्याच्या वाफ्यात हुमणी लागली. निम्मी रोपं अळ्यांनी मुळापासून खाल्ली. केरबाचं डोकंच फिरलं. "आता मातीत जीव म्हणून ठेवणार नाही," तो म्हणाला. पुढच्या हंगामाआधी त्यानं गूळ आटवायची जुनी काहील चुलाणावर चढवली, वाफ्याची सगळी माती तिच्यात घालून चांगली खरपूस भाजली आणि चाळून घेतली. हुमणी मेली, गांडुळंही मेली. मूठभर मातीत डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात, तेही मेले. पण जे दिसतच नाहीत, त्यांचं सुतक कोण पाळणार? रोपं तर तरारून वर आली, कोवळी, एकसारखी. केरबाला आभाळ ठेंगणं झालं.

शेजारीच त्याची भावजय सगुणा रोपं करायची. तिची माती जुनीच, पालापाचोळ्यासकट आणि गांडुळांसकट. हुमणी दिसली की ती हातानं वेचायची. तिची रोपं बुटकी असत. केरबा कुंपणावरून हसायचा, "वहिनी, रोपं वाढवताय की केर?"

"तुमचं तुम्ही बघा भावजी," ती म्हणायची आणि पुन्हा खुरपायला लागायची.

त्याच साली केरबाच्या लेकीच्या, शेवंताच्या सासरी नवी जमीन फोडली होती. सगळी मुरमाड. अशा जमिनीत रोपानं शिदोरी माहेरूनच आणावी लागते. वांगी लावायची ठरलं आणि रोपं अर्थातच केरबाची आली. शेवटच्या सरीला मात्र ती कमी पडली, म्हणून सगुणाकाकूनं मायेनं दिलेली वीस-बावीस रोपं शेवंतानं तिथं लावली.

दीड महिन्यात रोपांवर माव्याची कीड आली. निरोप मिळताच केरबा धावत गेला. पानं गोळा झाली होती, शेंडे चिकट पडले होते. विहीणबाई आणि घरची चार माणसं बांधावरच उभी होती.

"व्याही, तुमची रोपं नावाजलेली," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या सुनेच्याच हाताला गुण नाही. आजपासून तिनं मळ्यात पाऊल टाकायचं नाही."

शेवंता खाली मान घालून उभी होती. माळ्याची लेक ती. मळा सुटला तर सासरी तिचं म्हणावं असं काही उरणार नव्हतं.

केरबा सऱ्या तुडवत शेवटपर्यंत गेला आणि थबकला. तिथली रोपं त्याच्या गुडघ्याला लागत होती. मावा त्यांच्यावरही आला होता, पण फारसा टिकला नव्हता. पानं जाड होती, राठ होती. पाणी तेच, हात तोच. त्यानं आपलं एक रोप उपटलं. मुळं चार, तीही उघडी, आणि माती झरझर गळून गेली. वहिनीचं एक उपटलं. त्याच्या मुळांना केसाहून बारीक पांढऱ्या धाग्यांचं जाळं होतं आणि झटकूनही माती सुटत नव्हती. केरबा जन्माचा माळी. त्याला काय समजायचं ते समजलं.

गप्प राहणं सोपं होतं. त्याचं नाव राहिलं असतं आणि बोल लेकीला लागला असता. केरबा दोन्ही रोपं घेऊन बांधावर आला.

"विहीणबाई, पोरीचा हात चांगला आहे," तो म्हणाला. "ती शेवटची सरीही तिनंच लावलीय, रोपं फक्त माझ्या वहिनीची. खोट माझ्या रोपांत आहे. मी माती भाजली. मुळांना भरवणारं, कीड यायच्या आधी पानांना जागं करणारं जे काही मातीत होतं, ते मी माझ्या हातानं मारलं."

विहीणबाईंनी दोन्ही मुळं हातात घेतली. जाळं असलेलं मूळ त्यांनीही झटकून बघितलं. मग म्हणाल्या, "शेवंता, नवी लावण कुठून सुरू करायची, ते तूच सांग."

गावी परतल्यावर केरबा घरात न शिरता रिकामी पाटी घेऊन सगुणाच्या दारात उभा राहिला.

"वहिनी, पाटीभर माती द्या."

"कशाला भावजी? भाजायला?"

"नाही," केरबा खाली बघत म्हणाला, "विरजणाला."

सगुणा हसली नाही. खुरपं घेऊन ती वाफ्यात उतरली आणि मधली, सगळ्यांत काळी माती तिनं पाटी भरून दिली.

तात्पर्य: एका किडीच्या रागानं सगळी माती भाजू नये, कारण आपल्याला उभं ठेवणारे सोबती बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत; आणि भाजलीच, तर तो दोष दुसऱ्याच्या माथी मारू नये.