द्वारपालाने दार उघडले नाही

एकदा एका देवस्थानाच्या उत्सवात जुनी वृत्तबद्ध नाटके करणारी एक मंडळी उतरली होती. मंडळीचे आचार्य वृद्ध होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांची पट्टशिष्या राणीची भूमिका करी. तिचा आवाज असा होता की तिने नुसता आ लावला तरी लोक माना डोलवीत. गुणी माणसाला आपला गुण ठाऊक असला की थोडी पंचाईत होते, तशी तिचीही झाली होती.

उत्सवाचा खर्च गावातला एक व्यापारी करी. माणूस देवभोळा, पण बोलायला रोखठोक. प्रयोगाच्या दिवशी सकाळी तो अण्णांना म्हणाला, "राग मानू नका. पण हे श्लोक आता पुरे. बाई गातात, लोक टाळ्या वाजवतात आणि उठून भजी खायला जातात. पुढल्या वर्षी सगळं साध्या बोलण्यात करा. नाहीतर मी दुसरी मंडळी बघतो."

शिष्येने हे ऐकले. लहानपणापासून तिने श्लोकांवाचून दुसरे काही केले नव्हते. श्लोक गेले तर तिचे काय उरणार? ती अण्णांना म्हणाली, "आज मी दाराचा श्लोक असा म्हणते की शेठजींनी तोंडात बोट घालावं."

अण्णा म्हणाले, "म्हण."

दाराचा श्लोक म्हणजे नाटकाचा प्राण. राजाने हाकलून दिलेली राणी, मुलगा आजारी असल्याचे कळून, लपतछपत राजवाड्याच्या दाराशी येते आणि पहारेकऱ्याला विनवते:

उभी मी तुझ्या दारि रे द्वारपाला
क्षणाची तरी भेट दे लेकराला

शेवटच्या अक्षरावर तबल्याची थाप पडे आणि द्वारपाल दार उघडे. मंडळीचा हा पिढीजात शिरस्ता होता. द्वारपालाचे काम सदोबा करीत. वर्षानुवर्षे भाला धरून ते उभे राहत, थाप ऐकू आली की कडी काढत, आणि मधल्या वेळात बहुधा जेवणाचा विचार करीत. त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांच्याकडून तेवढेच मागितले जाई.

त्या संध्याकाळी पडदा उघडण्यापूर्वी अण्णा सदोबांच्या कानाशी काहीतरी बोलले. सदोबा चमकले, पण त्यांनी मान हलवली.

दाराचा प्रसंग आला. शिष्येने श्लोक उचलला. "लेकराला" या शब्दावर तिने अशी तान घेतली की मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. थाप पडली. दार उघडले नाही.

तिला वाटले, सदोबांचे लक्ष नसेल. तिने श्लोक पुन्हा म्हटला, तान अधिक लांबवली. थाप पडली. सदोबा भाला आडवा धरून तसेच उभे. मागच्या रांगेत कुणीतरी हसले. विंगेतून एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "अहो सदोबा, कडी!" सदोबा ढिम्म हलले नाहीत.

दार उघडल्याखेरीज नाटक पुढे सरकणार नव्हते, आणि समोर तो व्यापारी बसला होता. शिष्येने प्रथमच वळून द्वारपालाकडे पाहिले. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम होता, आणि तो तिच्याकडे अगदी लक्ष देऊन पाहत होता. आता हा जे करील तेच होणार, हे तिच्या ध्यानात आले. ती त्याच्यापाशी गेली आणि त्याच दोन ओळी तिसऱ्यांदा म्हणाली. वृत्त मोडले नाही, पण तानही घेतली नाही. "क्षणाची तरी" म्हणताना तिचा आवाज कापला. तबलजी थाप द्यायचे विसरला.

सदोबांनी भाला खाली घेतला आणि कडी काढली. मंडपात कुणी टाळी वाजवली नाही. कुणी उठलेही नाही.

प्रयोग संपल्यावर ती अण्णांसमोर उभी राहिली. डोळे लाल झाले होते. "अण्णा, भर मंडपात माझी शोभा केलीत. सदोबाकाकांना काय सांगितलं होतंत?"

"एवढंच, की आज थापेवर उघडू नका. आत सोडावंसं वाटलं तर उघडा." अण्णांनी तिला शेजारी बसवले. "बाळ, आमच्या काळी मशालींच्या उजेडात नाटक होई. मंडप सगळा अंधारात. दिसायचा तो समोरचा एक चेहरा, म्हणून त्याच्याशीच बोलावं लागे. आता मंडपभर दिवे आहेत. तुला शेठजी दिसतात, शेवटची रांग दिसते, सदोबा तेवढे दिसत नाहीत. दार थापेवर उघडणारच, हे तुला ठाऊक. मग विनवणार कशाला? आणि जे मागायचंच नाही, त्याची फक्त नक्षी होते. दुःखात माणसाचे शब्द विस्कटतात, म्हणून जुन्या लोकांनी ते वृत्तात बांधले. बांधलेलं गाठोडं कुणाच्या तरी हाती द्यायचं असतं. तू ते डोक्यावर मिरवत होतीस."

आपल्यातही थापेवर उघडणारी दारे थोडीथोडकी नाहीत. नमस्कार, आभार, क्षमा, सगळे शब्द ठरल्या जागी पडतात आणि समोरचाही ठरल्याप्रमाणे मान डोलावतो.

इतक्यात व्यापारी आत आला. सकाळचा विषय त्याने काढलाच नाही. थोडा घुटमळला आणि म्हणाला, "अण्णा, त्या दाराशी बाई दोन ओळी म्हणाल्या, त्या यंदा नव्या घातल्यात का?"

"नाही शेठजी," अण्णा म्हणाले, "जुन्याच आहेत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग होता. पडदा उघडण्यापूर्वी शिष्या सदोबांकडे गेली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, आजही मनात आलं तरच दार उघडा."