हिरड्याची बरणी

एकदा एका ओढ्याकाठच्या वृद्ध रंगाऱ्याकडे एक माणूस काम शिकायला म्हणून आला आणि आठ वर्षं तिथंच राहिला. काम तर त्याला येतच होतं. त्याला लपायला जागा हवी होती. म्हाताऱ्यानं ते ओळखलं आणि काही न विचारता विहिरीकडची खोली त्याला दिली.

घडलं होतं ते असं. हा आणि याचा धाकटा भाऊ गावात मिळून कापड रंगवीत. एका लग्नघरची पिवळी लुगडी करायची होती. हिरड्याच्या पाण्याला तुरटी भेटली की पिवळा चढतो, लोखंड भेटलं की काळा. रंगाऱ्याच्या घरात हे रांगत्या पोरालाही ठाऊक. पण धाकट्यानं घाईत हिरड्याच्या घंगाळात लोखंडी बादली बुडवली. बघता बघता नवरीची लुगडी राखेसारखी काळवंडली. तेव्हा थोरला भर अंगणात, चार माणसांदेखत म्हणाला, "तुझा हात लागेल ते काळंच व्हायचं. जन्मलास त्या दिवशी आई गेली, आज हे."

धाकटा बादली उचलून आत गेला. थोरल्याला पुढं त्या घरात घास गिळवेना, म्हणून तो निघून आला.

इथं त्याचं बरं चाललं होतं, म्हणजे काहीच चाललं नव्हतं. सकाळी हिरडे कुटायचे, दुपारी कापड वाळवायचं, सांजेला एका माणसाची भाकरी थापायची. सणावारी म्हातारा जेवायला हाक मारी, तर हा आतूनच म्हणे, "पोट भरलंय, बाबा." कुणाचं चांगलं नाही, कुणाचं वाईट नाही. कधी कधी आपलाच खोकला ऐकून तो दचके.

एके दिवशी गावोगाव हिंडणारी कासारीण दारात टोपली उतरवून बसली. "अहो दादा, तुमच्या धाकट्याचा निरोप आहे. एकट्याला धंदा झेपत नाही म्हणतो. अमावास्या झाली की बायकापोरं घेऊन कायमचा सासुरवाडीला निघालाय, आठ दिवसांच्या वाटेवर. एकदा येऊन जा म्हणालाय."

हा हिरडे कुटत राहिला.

"त्याचा निरोप घेऊन तिसऱ्यांदा आलेय बरं का! तुमच्यापेक्षा माझ्या बांगड्या बऱ्या, हलवलं की वाजतात तरी."

ती गेल्यावर म्हातारा जवळ येऊन बसला. "बाबा, मी नाही जात," हा म्हणाला. "माझ्या तोंडून पुन्हा काही निघालं तर? लांब आहे तोवर कुणाला डाग नाही, मलाही नाही."

म्हातारा "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं हिरड्याचं ताजं पाणी गाळून चिनी मातीच्या बरणीत भरलं. फिकट, निवळ पाणी. तोंडाला पातळ फडकं बांधून बरणी याच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली. "हे सांभाळ. लोखंड लागू देऊ नकोस, तुरटी नको, चुना नको, बोटसुद्धा नको. आहे तसं मला परत दे."

याला काम मनापासून आवडलं. अंगठीसुद्धा काढून तो त्या कोनाड्यापाशी जाई. अठरा दिवस त्यानं बरणी जिवापाड जपली. एकोणिसाव्या दिवशी म्हाताऱ्यानं ती मागितली. फडकं सोडलं, तर आत गढूळ, तपकिरी पाणी आणि वर साय.

याचा चेहरा पडला. "शपथ घेतो बाबा, कुणी शिवलं नाही!"

"ठाऊक आहे मला."

"मग हे झालं कशानं?"

"वाऱ्यानं. नुसतं असण्यानं," म्हातारा म्हणाला. "आपण रोजचं पाणी रोज वापरतो, म्हणून तू हे कधी पाहिलं नाहीस. हिरड्याचा धर्मच असा आहे, बाळ. कुणाला तरी तो भेटणारच. लोखंडाला भेटला तर काळा होतो, आणि त्या काळ्या रंगाची घोंगडी माणसं अंगावर घेतात. तुरटीला भेटला तर नवरीचं लुगडं होतो. कुणालाच भेटू दिला नाही, तरी तो निर्मळ राहत नाही. असाच काळवंडतो, फक्त कुणाच्या उपयोगी पडत नाही. आठ वर्षं तू स्वतःला फडकं बांधून ठेवलंस. जरा आत वाकून बघ."

तो वाकला नाही. दाराची चौकट धरून त्यानं वाटेकडं पाहिलं. मग विचारलं, "बाबा, अमावास्या कधी?"

"आज."

वाट सहा कोसांची. तो पोचला तेव्हा दिवस कलला होता. ओट्यावर गाठोडी बांधून ठेवलेली. अंगणात धाकटा एक शेवटचं ओलं लुगडं पिळत होता. दुसऱ्या टोकाला धरायला कुणी नव्हतं म्हणून ते त्यानं खुंटाला बांधलं होतं. केस पांढरे झाले होते त्याचे.

थोरल्यानं वाटभर जुळवलेले शब्द ऐन वेळी सापडेनात. तो पुढं झाला, खुंटाची गाठ सोडली आणि टोक हातात घट्ट धरून उभा राहिला.

धाकट्यानं मान वर केली. दोघांच्या मधे लुगड्यातून पाणी ठिबकत होतं.

"तिकडून पीळ दे, दादा," धाकटा म्हणाला. "इकडून मी देतो."