दिवाणांनी पकडलेली नक्कल

सांगतो ते खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. आमच्या संस्थानचे दिवाण अमृतराव भारी संशयी. घरच्या गाईचं दूधसुद्धा 'पाणी घातलंय' म्हणून परत पाठवायचे. त्यांनी सगळ्या शाळांना एकच पुस्तक लावलं, स्वतःच्या नावानं छापलेलं, आणि परीक्षाही एकच. पुस्तकाबाहेरचं अक्षर शिकवलं, तर शाळेला कुलूप!

पहिल्याच परीक्षेला दिवाण महाराजांना घेऊन आमच्या गावी आले. पोरांचे कागद चाळता चाळता ओरडलेच, "अहो तात्या मास्तर, ही नदी खिडकीतून दिसतेय ना? चालली आहे पश्चिमेला, आणि झाडून सगळी पोरं लिहितात पूर्वेला! सगळ्यांची चूक एकच कशी? ही नक्कल आहे. शाळा बंद!"

पोरांची तोंडं उतरली. मास्तर हात जोडून म्हणाले, "नक्कलच आहे, सरकार. पण शिक्षा पोरांना, की ज्याचं बघून लिहिलं त्याला?"

"त्याला आधी! कोण तो?"

मास्तरांनी दिवाणांचंच पुस्तक उघडून महाराजांपुढे धरलं. त्यात छापलं होतं, 'आपली नदी पूर्वेला वाहते.'

पूर्वेला वाहायची ती शेजारच्या संस्थानातली नदी.

मास्तर दिवाणांकडे वळून हळूच म्हणाले, "पोरांनी आपलं बघून लिहिलं, सरकार. आपण कुणाचं बघून लिहिलंत?"

त्या दिवशी महाराजांनी कुलूप लावलंच, पण दिवाणांच्या कचेरीला.