बर्फ झाडणारा शिष्य

“आणखी काय करायचं राहिलं, महाराज?”

विश्वंभरच्या आवाजात नम्रता होती, पण बेताचीच. नाशिकला गुलाबांच्या प्रदर्शनात हा गडी चार वर्षं पहिला आलेला. हिमालयातल्या या लहानशा मठात येऊन त्याला तीन वर्षं झाली होती, तरी ती बक्षिसं काही डोक्यातून उतरली नव्हती.

केवलगिरी महाराजांचे गुडघे आता मठामागची खिंड चढू देत नव्हते. तिथलं नखाएवढं निळं फूल पुन्हा एकदा पाहावं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून विश्वंभरने खिंडीतून तीन रोपं आणून अंगणात दगडांच्या वाफ्यात लावली.

त्यातली दोन खतापाण्याच्या लाडाने कुजली. तिसरं नुसत्या खडीत तगलं, पण थंडी पडल्यापासून तेही काळवंडू लागलं होतं.

“रोज सकाळी त्याच्यावरचा बर्फ झाडतो मी. एक दिवस चुकलो नाही. हे हात बघा, भेगा पडल्यात... आणि हे सुकतंय!”

महाराजांनी आधी रोपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

...

मग ते उठले आणि त्यांनी विश्वंभरच्या अंगावरची घोंगडी सर्रकन ओढून घेतली.

“महाराज! गारठून मरेन की मी!”

महाराजांनी घोंगडी पुन्हा त्याच्या खांद्यावर घातली. वाकून ओंजळभर बर्फ उचलला आणि रोपावर हलकेच पसरला.

विश्वंभर बघत राहिला. हातातली केरसुणी कधी गळून पडली, त्याला कळलंही नाही.

“म्हणजे रोज सकाळी मी त्याचं पांघरूण...”

“हं.”

तो हिवाळा विश्वंभरला फार जड गेला. बर्फ पडला की हात शिवशिवायचे. मग दोन्ही हात पाठीमागे धरून तो वाफ्याशी नुसता उभा राहायचा.

बर्फ वितळला. एका सकाळी त्याने महाराजांना हाताला धरून अंगणात आणलं. खडीत दोन निळी फुलं उमलली होती.

महाराज जमिनीवरच बसले. त्यांचे डोळे भरून आले.

विश्वंभर चाचरत म्हणाला, “महाराज, खरं सांगतो. त्या दिवसापासून मी याच्यासाठी काहीच केलं नाही.”

महाराजांनी शिष्यापुढे हात जोडले.

“फार उपकार झाले, बाबा.”